आयसीयूत बाबा रात्रभर बडबडायलेत, स्टॅटिनची गोळी परत द्या म्हणून सांगू का?

खानापूरचा_पोरगा:
बाबा ७१ वर्षांचे, गाव खानापूर तालुक्यात, न्यूमोनिया झाला म्हणून बेळगावात ॲडमिट केलंय, चार दिवस व्हेंटिलेटरवर होते, परवा नळी काढली. आता दिवसा डोळे मिटून गप पडून असतात आणि रात्री दोन वाजले की सुरू, म्हस सुटली, पाटाचं पाणी कुणी तोडलं, भिंतीवर मुंग्या चालल्यात, काल तर सलाइनची सुईच उपसून टाकली. डॉक्टर म्हणाले डिलिरियम आहे, म्हणजे आजारपणात अचानक होणारा डोक्याचा गोंधळ, वेड नव्हे. पण पुण्याचा चुलतभाऊ सांगतोय की कोलेस्टेरॉलची ती स्टॅटिन गोळी दिली तर डिलिरियम होत नाही असं संशोधन आहे, आणि बाबा आठ वर्षं ॲटोर्व्हास्टॅटिन २० घ्यायचे ती इथं बंद केलीय! त्यानंच झालं काय हे? डॉक्टरांशी भांडू का?

रात्रपाळी_ब्रदर:
भांडू नको, विचार. भाऊ अगदीच खोटं सांगत नाही पण जुनं सांगतोय. इन्फेक्शनची सूज मेंदूपर्यंत पोचते, स्टॅटिन सूज कमी करते, म्हणून आशा होती. २०१४ च्या आसपासच्या अभ्यासांत दिसलं पण तसं, गोळी चालू असलेल्यांना डिलिरियम कमी. पण त्यात गोम अशी की जो बरा आहे त्याची गोळी चालू राहते, जास्त सिरियस असतो त्याची आधी बंद होते, मग गोळीनं तरला का मुळातच बरा होता हे कसं कळायचं? म्हणून नंतर इंग्लंडात वॉटफर्डच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटरवरच्या १४२ पेशंटांवर ट्रायल केली, काहींना सिम्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम, ती पण स्टॅटिनच, बाकीच्यांना नुसती दिसायला गोळी, आत औषध नाही, कुणाला काय ते ठरलं चिठ्ठी टाकल्यासारखं. २०१७ ला निकाल आला. पहिल्या १४ दिवसांत शुद्धीवर आणि डिलिरियमशिवाय गेलेले दिवस स्टॅटिनवाल्यांचे सरासरी ५.७, आणि नुसत्या गोळीवाल्यांचे ६.१. म्हणजे काय उपयोग नाही बघ. अमेरिकेत रोसुव्हास्टॅटिन ही दुसरी स्टॅटिन देऊन बघितली, तिथंही तेच. २०१८ च्या आयसीयू गाइडलाइनमध्ये पण सुचवलंय, डिलिरियमसाठी स्टॅटिन वापरू नका.

भाग्यनगर_मेडिकल:
ब्रदर बरोबर बोललेत, पण एक राहिलं. डिलिरियमसाठी नवीन सुरू करणं वेगळं आणि हार्टसाठी वर्षानुवर्षं चाललेली बंद राहणं वेगळं. न्यूमोनियात क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक देतात काही वेळा, तिच्याबरोबर ॲटोर्व्हास्टॅटिन रक्तात वाढते, स्नायूंना मार बसतो, म्हणून थांबवली असेल. का बंद केली आणि कधी सुरू करणार एवढंच विचारा.

निपाणीकर७:
मग झोपेचं इंजेक्शन तरी द्यायला सांगा की राव, माणूस सुया उपसतोय!

रात्रपाळी_ब्रदर:
हॅलोपेरिडॉल म्हणताय ना, पेशंटला शांत करायचं, त्याची पण २०१८ ला मोठी ट्रायल झाली, ५६६ पेशंट, डिलिरियमचे दिवस काय कमी झाले नाहीत. पेशंट स्वतःला इजा करायला लागला तर तेवढ्यापुरतं देतात, ते डॉक्टर बघतील. आणि रात्री बडबडणारा सगळ्यांना दिसतो, दिवसा गप पडलेला पण डिलिरियममध्येच असू शकतो, तो सुटतो नजरेतनं.

चंदगडची_लेक:
आमच्या आईला मागच्या वर्षी बेळगावातच असं झालं होतं. आई पक्की चंदगडची, सिस्टर गोकाककडची, ती कन्नडमध्ये विचारायची निम्म हेसरू एनू, आई नुसती बघत बसायची, फाइलवर काय लिहीत असतील देव जाणे. शेवटी मी सिस्टरला पाच वाक्यं मराठीत लिहून दिली, तुमचं नाव काय, तुम्ही दवाखान्यात आहात, मुलगी बाहेर बसलीय असली. फरक पडला खरंच. चष्मा द्या, कवळी द्या, घड्याळ दिसेल असं ठेवा. म्हशीवरनं वाद घालू नका आणि होय होय पण म्हणू नका, शांतपणे सांगा दवाखान्यात आहात.

रात्रपाळी_ब्रदर:
ताई लाखातलं बोललात. डिलिरियम आहे का ते आम्ही तपासतो तेव्हा एकेक अक्षर म्हणतो आणि ठरलेलं अक्षर आलं की हात दाबा म्हणतो, आता ऐकूच आलं नाही तर काय दाबणार. बाबांना ऐकायला येतं ना नीट रे?

खानापूरचा_पोरगा:
ब्रदर, काय सांगू. कानाचं मशीन ॲडमिट करताना काढून दिलं होतं, सहा दिवस माझ्याच पिशवीत, वर चष्मा. काल सकाळी दोन्ही आत दिलं. क्लॅरिथ्रोमायसिनच चालू होती, कोर्स संपला की जुनी गोळी परत सुरू करतो म्हणाले. भांडायची वेळच आली नाही. दुपारी खुर्चीत बसवलं, अर्धा तास मला आत बसू दिलं. रात्री म्हस सुटलीच पण सुई काढली नाही. आणि बाबांना कन्नड मस्त येतं हो, सगळा बाजार त्यातच केलाय आयुष्यभर, संध्याकाळी सिस्टरला म्हणाले तू एवढे दिवस हळू का बोलायचीस गं.