४१२ माश्या मोजल्या, रिकॉम्बिनंट एकही नाही!

रव्याची_बाटली
एम.एस्सी. झूलॉजी, दुसरं वर्ष. ड्रोसोफिला या फळमाशीत काळं अंग (ब्लॅक) आणि खुरटे पंख (व्हेस्टिजियल) या जनुकांमधलं अंतर काढायचं आहे, म्हणजे रिकॉम्बिनंट (दोनपैकी एकच गुण दिसणाऱ्या) माश्या किती टक्के निघतात ते. काळ्या-खुरट्या माद्यांना वाइल्ड टाइप (साधे) नर लावले, एफ-१ म्हणजे पहिली पिढी सगळी साधी निघाली. इथवर ठीक. पण आमची लॅब उघडते साडेदहाला आणि माश्या कोशातून निघतात पहाटे. मी पोचेपर्यंत एफ-१च्या माद्या भावांशी लग्न लावून मोकळ्या! सिनियरकडे काळ्या-खुरट्या कुमारी माद्या गोळा केलेल्या होत्या, म्हणून त्यांना एफ-१चे नर लावले. टेस्ट क्रॉस (एफ-१चा काळ्या-खुरट्यांशी संकर) उलटा केला, म्हणजे एफ-१च्या मादीऐवजी नर घेतला, तरी आकडा तोच यायला हवा ना?
मोजणी: साध्या २३१, काळ्या-खुरट्या १८१. नुसती काळी किंवा नुसती खुरटी एकही नाही. सर म्हणाले, डोळे तपासून घे.

आमराई_वाला
फळमाशीसाठी रक्षक सापळा लावा, नर त्यातच पडतात. आमच्या हापूसला हाच उपाय.

रव्याची_बाटली
दादा, ती आंब्याची माशी वेगळी. ही केळ्यावर घोंघावणारी चिलटं.

जुना_लॅबवाला
ताई, डोळे शाबूत आहेत तुझे. ड्रोसोफिलाच्या नरात क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) होतच नाही. माश्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ मॉर्गनला हे १९१२ मध्येच दिसलं होतं. नराकडून गुणसूत्र जसं मिळालं तसं सबंध पुढे जातं. रेशीमकिड्यात याच्या उलट, तिथे मादीत होत नाही.

पण तो कागद फेकू नकोस. तुझ्या शून्याने एक गोष्ट पक्की केली: दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर आहेत. वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असती तर चारही प्रकार साधारण सारखे निघाले असते. आणखी एक फायदा. ब्लॅक आणि एबनी (दुसऱ्याच एका जनुकाच्या) माश्या दोन्ही काळ्याच दिसतात, बाटल्यांवरची लेबलं अदलाबदल झालेली मी स्वतः पाहिली आहेत. एबनी तिसऱ्या गुणसूत्रावर, व्हेस्टिजियल दुसऱ्यावर. तुझी बाटली एबनीची असती तर शून्य आलंच नसतं. नवीन म्यूटंट सापडला की आधी नराकडून क्रॉस लावून तो कोणत्या गुणसूत्रावर आहे ते ठरवतात, अंतर मग मादीकडून. तू पहिली पायरी केलीस, फक्त चुकून.

आता अंतरासाठी एफ-१ची कुमारी मादीच हवी. साडेदहाला आल्या आल्या बाटली पूर्ण रिकामी कर, एकही माशी ठेवायची नाही. साडेपाचला निघालेल्या माद्या उचल. सात तास होतात, २५ अंशाला आठ तासांपर्यंत धोका नाही. दिवसा कमी निघतात, म्हणून चार बाटल्या लाव. फिकट अंग आणि पोटात काळसर ठिपका दिसला की ती ताजीच. नर ओळखायला पुढच्या पायावरचा काळा कंगवा बघ, शेपटीच्या रंगावर जाऊ नकोस. नवजात नराची शेपटी फिकी असते आणि तिथेच सगळे फसतात.

बेशुद्ध माश्या टाकताना बाटली आडवी ठेव. खुरट्या पंखांच्या माश्यांना उडता येत नाही, ओल्या रवा-गुळात रुतून मरतात आणि मोजणीत कमी भरतात. तुझ्या १८१चं कारण बहुधा हेच. क्रॉस लावल्यापासून अठराव्या दिवसानंतर मोजू नकोस, नातवंडं मिसळतात.

रव्याची_बाटली
काका, पाच आठवड्यांनी परत आले. साध्या १७८, काळ्या-खुरट्या १३९, नुसत्या काळ्या ३०, नुसत्या खुरट्या ३१. म्हणजे ३७८ पैकी ६१, १६.१ टक्के. जनुकांच्या नकाशावर ब्लॅक ४८.५ आणि व्हेस्टिजियल ६७.०, फरक १८.५ युनिट (एक टक्का म्हणजे एक युनिट). सर विचारतायत, अडीच युनिट कुठे गेले?

जुना_लॅबवाला
पावणेचारशे माश्यांत सात-आठ इकडेतिकडे व्हायच्याच. १८.५ टक्क्यांनी ७० यायला हव्या होत्या, तुझ्या ६१ आल्या. शिवाय मध्ये दोनदा अदलाबदल झाली की माशी मूळच्यासारखीच दिसते, ती सुटते. म्हणून नकाशा मधली जनुकं घेऊन छोट्या छोट्या टप्प्यांनी मोजतात आणि बेरीज करतात. १९१३ मध्ये मॉर्गनच्या विद्यार्थ्याने, स्टर्टेव्हंटने, एक्स गुणसूत्राचा पहिला नकाशा छापला, तोही असाच टप्प्याटप्प्याने. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये १६.१च लिही, खाडाखोड करून १८ करू नकोस. आणि ते ४१२ पण लिही, त्याच पानावर.

रव्याची_बाटली
लिहिलं. सरांनी त्या पानावर प्रश्नचिन्ह काढलंय, आता उद्या त्यांना नराचं समजावते.