स्वतः लिहिलेलं प्रकरण डिटेक्टरने एआयचं ठरवलंय, ह्युमनायझर वापरावा का?

नमस्कार मंडळी, थोडी घाई आहे म्हणून थेट विचारते.

माझ्या पदव्युत्तर प्रबंधातलं पद्धतीचं प्रकरण डिटेक्टरने ६८ टक्के एआयचं ठरवलंय. प्रबंध इंग्रजीत आहे आणि शब्द न् शब्द माझा आहे. सरांचा माझ्यावर विश्वास आहे, पण ते म्हणतात, "आकडा २० च्या खाली आण, नाहीतर समितीपुढे मला बोलता येणार नाही." बरोबरचे सगळे एकच उपाय सांगतायत: ह्युमनायझरमधून, म्हणजे मजकूर माणसाने लिहिल्यासारखा वाटावा म्हणून तो बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढ.

एक परिच्छेद टाकून पाहिला. माझं वाक्य होतं, 'नमुने ४ अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवले'. त्याचं झालं, 'नमुने साधारण दोन दिवस थंड वातावरणात जपून ठेवण्यात आले'. आकडा झर्रकन उतरला, पण आता हे वाचून कुणाला तो प्रयोग पुन्हा करता येईल का? पुढे तर 'सहसंबंध आढळला'चं 'परिणाम होतो' करून टाकलंय. मी न केलेला दावा माझ्या नावावर!

मग याबद्दल वाचायला लागले. बरेच डिटेक्टर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे आणि वाक्यांची ठेवण किती बदलते हे बघतात. पद्धतीच्या प्रकरणात तर सगळं ठरीव भाषेतच लिहायचं असतं. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेल्या डिटेक्टरला त्यांच्याच चाचणीत एआयचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखता आला होता, आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर त्याने एआयचा ठरवला होता. अचूकता कमी म्हणून जुलैत तो बंदच केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेचे, ९१ निबंध ७ डिटेक्टरांना दिले, तर माणसांनी लिहिलेले असूनही सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले गेले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे माणसांचेच ठरले. हे वाचून फार वाईट वाटलं. साधे शब्द, छोटी वाक्यं, असंच तर आम्ही इंग्रजी शिकलो.

तर ह्युमनायझरशिवाय काही मार्ग आहे का? समितीपुढे पुरावा म्हणून काय चालतं? आणि स्पेलिंग-व्याकरण तपासायला सॉफ्टवेअर वापरलं होतं, ते आपणहून सांगावं का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद:

ह्युमनायझर अजिबात नको. आज 'हे मी लिहिलंय' असं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. एकदा मजकूर त्यातून काढलात की तो खरोखरच यंत्राचा होतो, आणि पकडलं गेलं तर उत्तर उरत नाही.

सरांना अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं उदाहरण दाखवा. त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या कंपनीचा एआय डिटेक्टर वापरणं बंद केलं. हिशोब साधा होता: २०२२ मध्ये त्यांच्याकडे ७५,००० पेपर तपासले गेले होते. कंपनी म्हणते तशी चूक १ टक्का धरली, तरी ७५० पेपरांवर नाहक ठपका.

पुराव्याचं म्हणाल तर गूगल डॉक्स किंवा वर्डमधला आवृत्त्यांचा इतिहास काढून ठेवा. प्रयोगवहीची तारखांसह पानं आणि सरांनी शेरे मारलेले जुने कच्चे खर्डे एकत्र करा. त्या प्रकरणावर तोंडी प्रश्न विचारा, असं स्वतःहून लेखी कळवा. माझ्या मते याचं वजन सगळ्यात जास्त पडतं. व्याकरणाच्या सॉफ्टवेअरचं आधीच सांगून टाका. त्याने नुसती स्पेलिंगं दुरुस्त केली की वाक्यंच नव्याने सुचवली, तेही स्पष्ट लिहा, कारण सुचवलेली वाक्यं डिटेक्टरला एआयची वाटू शकतात.

आणि डिटेक्टरचा पूर्ण अहवाल मागून घ्या. ६८ टक्के हा नुसता आकडा घेऊन बसू नका, नेमकी कोणती वाक्यं रंगवली आहेत ते बघा. नमुने, तापमान, वेळ असलीच वाक्यं असतील, तर तीच छापून प्रयोगवहीच्या पानांशेजारी लावा आणि सरांकडे द्या.