मदत हवी आहे: वाढवणच्या किनाऱ्याची जुनी रेषा कशी काढायची?

नाशिकला एमएस्सी करतोय, प्रोजेक्ट डहाणूजवळच्या वाढवण बंदरासाठीच्या समुद्रातल्या भरावाने किनाऱ्यावर काय परिणाम होईल यावर. भरावाआधीची रेषा पक्की नसेल तर उद्या धूप झाली तरी दाखवणार कशी? लँडसॅट उपग्रहाच्या जुन्या इमेज (एक पिक्सेल ३० मीटरचा) घेऊन क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याची कड काढली, पण तिथला किनारा सपाट खडकाळ, ओहोटीला पाणी पार लांब जातं त्यामुळे दिसणारा फरक धुपेचा की ओहोटीचा तेच कळेना. सेंटिनेल-२ उपग्रहाचं १० मीटर बरंय पण ते २०१५ पासूनचंच. सॉफ्टवेअर फुकटचंच हवं, सुट्टीत जव्हारमार्गे डहाणूला जाऊन मोजमाप करू शकतो. तर पाण्याऐवजी झाडोऱ्याची कड धरू का भरतीच्या वेळेच्याच इमेज निवडू, आणि जुन्या तारखांची भरतीची उंची कुठे मिळेल?