लॉक झालेल्या आयईपीत दुरुस्ती: अनलॉक की अमेंडमेंट?

गौरी_एसपीएड: नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या शाळांत स्पेशल एज्युकेशन सांभाळणारे इथे बरेच आहेत, म्हणून विचारते. एका मुलाच्या आयईपीच्या (त्याच्या गरजेनुसार बनवलेली लेखी विशेष-शिक्षण योजना) 14 जानेवारीच्या वार्षिक बैठकीत स्पीच थेरपी 30 मिनिटं, आठवड्यातून 2 वेळा असं ठरलं. सर्व्हिसच्या ओळीत मात्र ‘आठवडा’ऐवजी ‘महिना’ निवडला गेला. पालकांची सही झाली, रेकॉर्ड लॉक. अ‍ॅडमिन म्हणतो, दोन मिनिटांत अनलॉक करून देतो. देऊ द्यावं का?

नोंदवही: अजिबात नको. पालकांकडच्या सहीच्या प्रतीत ‘महिना’ आणि सिस्टिममध्ये ‘आठवडा’! उद्या तक्रार झाली तर कुठला कागद धरायचा? अमेंडमेंटच (आधीची नोंद तशीच ठेवून रीतसर लेखी दुरुस्ती) करा. आयडीईए, म्हणजे अमेरिकेचा विशेष शिक्षणाचा कायदा, त्याच्या 2004 च्या दुरुस्तीनंतर, पालक आणि डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारी स्थानिक संस्था) दोघांना मान्य असेल तर वर्षाच्या मधला बदल बैठक न घेता लेखी करता येतो. तुमच्या राज्याचे नियम जास्त कडक असतील तर ते आधी बघा.

सुरुवातीला कुणाचा अर्धवट मसुदा उघडा आहे का ते तपासा. तो जुन्या प्रतीवरून बनलेला असतो. तुमच्यानंतर फायनल झाला तर ‘महिना’ परत येऊन बसेल. मग अंतिम आयईपीवरून अमेंडमेंट काढा. जुनी ओळ खोडू नका. बदल 23 फेब्रुवारीपासून असेल तर तिची शेवटची तारीख 22 टाका आणि 23 पासून नवी ओळ सुरू करा. बदल लागू होण्याआधी, पुरेसा वेळ ठेवून, पालकांना प्रायर रिटन नोटीस (बदलाची आगाऊ लेखी सूचना) जायलाच हवी. पालकांची लेखी संमती जोडा, थेरपिस्ट आणि वर्गशिक्षकांना कळवा, मगच फायनल करा.

आणि वार्षिक रिव्ह्यूची तारीख डोळ्यांत तेल घालून बघा! काही सिस्टिम अमेंडमेंटची तारीख धरून ती आपोआप पुढे ढकलतात. बैठक 14 जानेवारीलाच झाली होती, त्यामुळे पुढचा रिव्ह्यू तिच्यापासून वर्षाच्या आतच.

गौरी_एसपीएड: नवी ओळ 14 जानेवारीपासूनच दाखवली तर?

स्पीच_वाली: मागची तारीख नकोच, ताई. थेरपीचा लॉग खोटं बोलणार नाही. आठवड्याला 60 मिनिटं ठरली आणि महिन्याला 60 दिली, म्हणजे चार आठवड्यांत 240 पैकी 180 बुडाली. ती कशी भरून देणार हे पालकांशी बोलून वेगळं लिहा. शाळा मेडिकेडला (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना) बिलं लावत असेल तर तीही याच ओळीला धरून जातात; मागे जाऊन बदललीत तर तिथेही प्रश्न उठतील.

नोंदवही: बरोबर. बैठकीची टिपणंही अमेंडमेंटला जोडा, त्यांत ‘आठवडा’च असेल.

डेटा_डेस्क: एक पुरवणी. नावाचं स्पेलिंग किंवा पत्ता चुकला असेल तर अमेंडमेंटची गरज नाही. ते शाळेच्या मुख्य विद्यार्थी-नोंदीत दुरुस्त करायचं, तिथून ते सिंक होतं. आयईपीच्या पानावर थेट बदललंत तर पुढच्या सिंकला जुनंच परत येतं. लॉक झालेल्या पीडीएफवर जुनं स्पेलिंग राहील, राहू द्या.