स्टार-डेल्टा अजून काहून शिकायचं?
व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आल्यावर लॅबमध्ये स्टार-डेल्टा (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टा जोडणीवर टाकणारा स्टार्टर) कशाला घासून घेतात, असं पोरं विचारतात. अर्धं पटतं, नवीन पॅनलमध्ये ड्राइव्हच दिसतो. पण नागपूरजवळच्या हिंगणा नाहीतर बुटीबोरी एमआयडीसीतली जुनी पॅनलं उघडून बघा, तीन कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारे-तोडणारे स्विच), एक टायमर आणि खाली ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा) अजून सापडतो, आणि मेंटेनन्सच्या इंटरव्ह्यूत त्याचंच ड्रॉइंग काढायला लावतात.

आणि एक गोष्ट कोणी बोलतच नाही. स्टारमध्ये लाइन करंट डेल्टाच्या एक तृतीयांश होतो हे सगळ्यांना पाठ असतं, टॉर्कही (फिरवायची ताकद) एक तृतीयांशच होतो हे व्हायव्हात विचारलं की सगळे गप. म्हणून कोळशाने भरलेला कन्व्हेयर स्टारमध्ये उचलतच नाही, मोटर नुसती घुरघुरते, मग टायमर डेल्टावर टाकतो आणि तेव्हा करंटचा झटका जवळपास डायरेक्ट ऑनलाइन (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणं) एवढाच बसतो, म्हणजे स्टार्टरचे पैसे पाण्यात. पंप-ब्लोअरला चालतं, कारण सुरुवातीला लोड कमी असतो. आणि हो, नेमप्लेट बघत जा बे आधी, 415 व्होल्टला डेल्टा लिहिलेलं नसेल तर हा स्टार्टर त्या मोटरला लावायचाच नाही.