मदत हवी आहे : फोर्टीनाइनर्सच्या ड्राफ्टला गुण कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी. लेकीला शाळेच्या प्रकल्पासाठी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या ड्राफ्टचं (म्हणजे संघांनी फेरीफेरीने, क्रमाने नवे खेळाडू निवडण्याचं) मूल्यमापन करायचंय आणि आम्ही दोघं एकाच जागी अडकलोय. २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्स या खेळाडूला घेण्यासाठी संघाने मायामीच्या संघाला पहिल्या फेरीच्या तब्बल तीन निवडी (निवडीचे हक्क) दिल्या. २०२३ मध्ये तो चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसच्या संघाकडे गेला. उलट २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडलेला ब्रॉक पर्डी संघाला सुपर बोलपर्यंत (म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत) घेऊन गेला! याला पारख म्हणायचं का? मला नाही वाटत. खात्री असती तर आधीच्याच फेरीत उचलला असता ना. मग क्रमांकानुसार अपेक्षा कशी धरायची? निवड बरोबर की चूक हे ठरवण्याआधी किती हंगाम थांबायचं? जाणकारांनी कृपया सांगा, लेक वाट बघतेय.