‘हे हे, राइज अप!’ : पिंक फ्लॉइडचे हे गाणे रणगीत मानावे का?

सदाशिवपेठकर (प्रश्न)

नमस्कार. आम्ही चार मित्र महिन्यातून एका रविवारी कर्वेनगरला एकाच्या घरी जमतो आणि पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची एखादी तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकतो. या वेळी ‘द फायनल कट’ संपल्यावर एका मित्राने लगेच रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणानंतर, एप्रिल २०२२ मध्ये निघालेले ‘हे हे, राइज अप!’ लावले आणि त्यावरून रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला.

माझी अडचण अशी आहे. ‘द फायनल कट’ १९८३ सालचा, म्हणजे ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंड युद्धाच्या दुसऱ्याच वर्षीचा. युद्ध पुकारणाऱ्या राज्यकर्त्यांवरचा संताप त्यात नावे घेऊन व्यक्त झाला आहे. बँडचे तेव्हाचे गीतकार रॉजर वॉटर्स यांनी तो आपल्या वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. ते १९४४ मध्ये इटलीत आंझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा वॉटर्स जेमतेम पाच महिन्यांचे होते. त्याच बँडच्या नावावर आता लष्करी वेशात, रायफल अडकवून उभ्या असलेल्या युक्रेनियन गायकाचे गाणे निघते. वॉटर्स १९८५ मध्येच बाहेर पडले हे मला ठाऊक आहे, त्यामुळे मतभेद कोणाचे कोणाशी आहेत यात मला शिरायचे नाही. मला बोलांविषयी विचारायचे आहे. हे रणगीत आहे का? आणि असेल, तर या बँडने ते आपल्या नावावर काढणे तुम्हाला पटते का?

जुनी तबकडी

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी की यातली एकही ओळ पिंक फ्लॉइडने लिहिलेली नाही. हे गीत स्तेपान चार्नेत्स्की यांनी जुन्या लोकगीताच्या आधारे १९१४ मध्ये रचले, पहिल्या महायुद्धात युक्रेनियन तुकड्यांनी ते गायले आणि सोव्हिएत राजवटीत ते म्हणण्यावर बंदी होती. २०२२ मध्ये बूमबॉक्स या युक्रेनियन बँडचे आंद्री ख्लिव्न्युक अमेरिकेचा दौरा सोडून मायदेशी लढायला परतले आणि कीव्हच्या सोफिया चौकात उभे राहून, कोणत्याही साथीशिवाय, त्यांनी ते म्हटले. पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांनी ती चित्रफीत पाहिली आणि त्याच आवाजाभोवती संगीत बांधले. त्यांच्या सूनबाई युक्रेनियन आहेत, त्यामुळे हे दुःख त्यांच्या घरातलेही होते. त्यांनी दूरध्वनी केला तेव्हा ख्लिव्न्युक तोफगोळ्याच्या तुकड्याने जखमी होऊन रुग्णालयात होते.

हेडफोन लावून ऐका. आधी समूहगान येते, मग एकट्याचा मोकळा आवाज, आणि बँडचे ड्रमवादक निक मेसन यांचे ड्रम त्या आवाजाच्या श्वासाप्रमाणे चालतात. गाणारा मात्रा मोजून गात नाही, साथ करणारे त्याला सांभाळून घेतात. त्यानंतर गिल्मोर यांचे गिटार पुढे येते. १९९४ नंतर बँडने मिळून ध्वनिमुद्रित केलेले हे पहिलेच नवे गाणे, आणि त्यात मध्यभागी उभे राहण्याचा मान त्यांनी दुसऱ्याला दिला. म्हणून ‘पिंक फ्लॉइडचे युद्धाविषयीचे मत’ म्हणून हे बोल वाचू नयेत, असे मला वाटते.

तरीही तुमच्या प्रश्नाला बगल देता येणार नाही. मूळ गीतात पुढे स्वयंसेवक ‘रक्तरंजित नृत्यात’ उतरायला निघतात, भावांना मॉस्कोच्या बेड्यांतून सोडवायला. ते रणगीतच आहे.

रानडेची माजी विद्यार्थिनी

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तीन वर्षे रशियन शिकले. युक्रेनियन ही वेगळी भाषा आहे, पण बरेच शब्द ओळखीचे लागतात, आणि या गाण्यात एका शब्दापाशी मी फार वेळ थांबले.

कलीना म्हणजे लाल फळांच्या घोसांचे झुडूप. पहिल्या दोन ओळींत कुरणातली कलीना वाकली आहे आणि युक्रेन कशाने तरी खिन्न झाली आहे. पुढच्या दोन ओळींत गाणारे म्हणतात की त्या कलीनेला आम्ही उचलून धरू आणि युक्रेनला, हे हे, ‘रोज्वेसेलिमो’. रशियनमध्ये ‘वेस्योली’ म्हणजे आनंदी, उल्हसित. तेव्हा या क्रियापदाचा अर्थ ‘उठा’ असा नसून ‘तिची खिन्नता घालवू, तिला पुन्हा हसती करू’ असा होतो. इंग्रजी शीर्षकामुळे आपण आधीच आरोळीची अपेक्षा धरून बसतो. आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘होशील हो बरी’ म्हणताना जो स्वर लागतो, तो मला या ओळीत ऐकू येतो. पुढच्या कडव्यातल्या बेड्या आणि रक्त मी नाकारत नाही. पण गाण्याची सुरुवात शत्रूपासून न होता एका वाकलेल्या झाडापासून होते, याला अर्थ आहे.

डफ आणि गिटार

मॅडमनी फार नेमके सांगितले. आपल्याकडे हे नवे नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड गाजली. ऐकताना आधी वाटते की मुंबईला पोटासाठी आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो आहे. शेवटाकडे बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे येतात आणि मैना कोण, हे उमगते.

माझे आजोबा नाना पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर ती छक्कड म्हणत. सुरुवातीला मांडीवर थाप देत, पण गावांची नावे आली की थाप थांबवून हात गुडघ्यावर नुसता ठेवत. लहानपणी मला वाटे की ते ताल विसरले. घोषणेला टाळ्या पडतात, पण साठ वर्षांनी ओट्यावर कोणी घोषणा म्हणत बसत नाही. मैना आणि कलीना टिकल्या, कारण त्यांत आधी माया आहे आणि मग राजकारण. अण्णा भाऊंच्या हातात बंदूक नव्हती, एवढा फरक मात्र मी मान्य करतो आणि तो लहान नाही.

कोथरूडचा श्रोता

मला वरच्या तिघांचे पूर्ण पटत नाही. झाड कितीही सुंदर असले तरी ते गाणे सैनिक गातो आहे, आणि ऐकणाऱ्याने तेवढे बाजूला ठेवून चालणार नाही. मात्र बँडला याची जाणीव होती, असे मानायला आधार आहे. जुलै २०२२ मध्ये याची छोटी तबकडी निघाली, तेव्हा दुसऱ्या बाजूला त्यांनी ‘अ ग्रेट डे फॉर फ्रीडम’ नव्या रूपात घातले. मूळ गाणे १९९४ सालचे. बर्लिनची भिंत पडल्याचा आनंद आणि त्यानंतर पदरी आलेली निराशा, असा त्याचा विषय. उभारीच्या गाण्यापाठीमागे नेमके हेच गाणे ठेवणे मला योगायोग वाटत नाही. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय अर्थ लावू नये.

आणि सदाशिवपेठकर, तुम्ही वॉटर्स यांच्या वडिलांचा उल्लेख केलात म्हणून सांगतो. एरिक फ्लेचर वॉटर्स यांनी युद्धाच्या सुरुवातीला विवेकाला पटत नाही म्हणून शस्त्र धरायला नकार दिला होता. लंडनवर बाँब पडत असताना ते रुग्णवाहिका चालवत. पुढे फॅसिझमविरुद्ध लढलेच पाहिजे असे ठरवून ते स्वतःहून सैन्यात गेले आणि आंझिओला पोचले.

सदाशिवपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांविषयीची ही हकीकत मला माहीत नव्हती. ‘द फायनल कट’ संपल्यावर तिथेच हे गाणे लावणाऱ्या मित्राला मी त्या रात्री बरेच बोललो, अगदी औचित्याचे भान नाही असेही म्हणालो. त्याचे वडील सैन्यात होते. तो वाद घालत नव्हता, फक्त ‘एकदा शेवटपर्यंत ऐक’ म्हणत होता, आणि मी मध्येच सुई उचलावी तसे गाणे बंद केले होते. आज सकाळी त्याला फोन केला. येत्या रविवारी दोन्ही बाजू लावणार आहोत, आणि पहिले गाणे तोच लावेल.